बाळंतिणीच्या खोलीतला वारा

पडदा हलतोय हे आधी आईला दिसलं, मला नाही. मी परदेशात, ग्लेन वेव्हर्लीच्या भाड्याच्या घरात पलंगावर बसले होते, आई डोंबिवलीला तिच्या स्वयंपाकघरात, आणि आमच्या मध्ये ओव्याच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. मांडीवर काही दिवसांची मुलगी. मी दुधाबद्दल काहीतरी सांगत होते, तर आई मधेच म्हणाली, "तुझ्यामागचा पडदा का हलतोय गं? खिडकी उघडी आहे?"

"बंद आहे."

"मग हलतो कसा?"

मी मागे वळून पाहिलं. खिडकी बंद होती, कडी घातलेली होती, आणि पडदा हळूच पोट फुगवून परत आत घेत होता. हात लावला तर चौकटीच्या कडेने गार वाऱ्याची सरळ धार येत होती.

"बाळंतिणीच्या खोलीत वारा!" आई म्हणाली. तिच्या आवाजात चोर शिरल्याचा धसका होता. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं काही काम उरलं नाही.

आई खरं तर इथे असायची होती. तिकीट काढलं होतं, बॅग भरली होती, डिंकाचे लाडू वळून डब्यात गेले होते. मग विमानं बंद झाली. त्याआधीच्या शेवटच्या काही विमानांपैकी एकातून आमच्या ओळखीची एक बाई परतली, तिच्या हाती आईने जेवढं मावेल तेवढं पाठवलं: ओवा, बाळंतशेपा, वेखंड, आणि दुपट्यांसाठी स्वतःच्या जुन्या मऊ साड्या. स्वतः मात्र तिथेच राहिली आणि माझं बाळंतपण तिने फोनवरून केलं. लांबून केलं म्हणून काही कमी केलं नाही. सासू घरात नव्हती, आईही घरात नव्हती, तरी मला एक घास मनाने खायची सोय नव्हती.

तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. दाराच्या मुठीची, दुधाच्या बाटलीची, कुणी दारात ठेवून गेलेल्या पार्सलची. नवरा एका मोठ्या दुकानाच्या गोदामात रात्रपाळीला जायचा. शहर बंद असलं तरी लोकांना तांदूळ आणि टॉयलेट पेपर लागतोच. सकाळी परतला की गॅरेजमध्येच कपडे उतरवून, थंडीने कुडकुडत थेट न्हाणीघरात पळायचा, आणि मी दाराआडून त्याच्या खोकल्याकडे कान लावून बसायची. पण या सगळ्या भीतींची आई एकच होती: बाळाला सर्दी झाली तर? पूर्वी बाळाला सर्दी होणं म्हणजे चार रात्री जागरण. आता सर्दी म्हणजे टेस्ट, टेस्ट म्हणजे हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलात आत फक्त एकाला सोडतात असं सगळीकडून ऐकू येत होतं. ती शिंकली की मी थर्मामीटर शोधत सुटायची.

आणि घर म्हणाल तर चाळणी. बाहेरून देखणं, पुढे गुलाबाची झाडं, आत लाकडी जमीन आणि प्रत्येक दाराखाली बोट जाईल एवढी फट. भिंतींवर छताजवळ प्लास्टरच्या नक्षीदार जाळ्या, त्यांतूनही वारा. हीटर चालू असेपर्यंत ऊब, बंद केला की चहा गाळेपर्यंत पुन्हा हुडहुडी. इथली माणसं आपल्या देशात थंडी पडतच नाही असं समजून घरं बांधतात आणि मग त्या घरात कोट घालून बसतात.

बाळाची नर्स फोनवर चौकशी करायची. फार गोड बोलायची. म्हणायची, खोली फार गरम करू नका, घरात टोपी घालू नका, हवा खेळती ठेवा, खिडकी जराशी उघडी असलेली बरी. हे मी आईला सांगितलं.

"तिला विचार, ती स्वतः बाळंत झालीय का कधी?"

"तीन मुलं आहेत तिला."

"मग तिच्या कमरेला विचार," आई म्हणाली. "बाळंतपणात लागलेला वारा म्हातारपणी हिशेब मागतो. कान बांध आधी."

मी कान बांधले. नर्स गोड होती, पण आई ती आई. शिवाय खरं सांगायचं तर मलाही बंदच हवं होतं. बाहेर जे काही पसरत होतं ते त्याच फटींतून आत येणार असं मला वाटायचं. वेडेपणा होता, पण तेव्हा शहाणं कोण होतं?

नवऱ्याने हे काम अंगावर घेतलं. घरातल्या फटी शोधायची रीत त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिली: उदबत्ती पेटवायची आणि भिंतीकडेने, चौकटीच्या कडेने, दाराखालून हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला तर तिथे फट. "साल्यांनी उदबत्ती वापरलीय," तो खूश होऊन म्हणाला. "आपल्याकडे तर पुडेच्या पुडे आहेत."

दुसऱ्या दिवशी आर्व्होमध्ये, म्हणजे दुपारी, झोप झाल्यावर तो एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन घरभर फिरला. फोनमध्ये आई. मी म्हटलं, "घराची आरती चाललीय का रे?"

"तू गप्प बस. आई, दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय, दिसतंय. जावईबापू, डावीकडे घ्या. तिथे वाकला बघा धूर! तिथे, खाली!"

माझ्या हाताला न लागलेल्या फटी आईला हजारो मैलांवरून दिसत होत्या. त्याने दारांच्या कडेने फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, खिडक्यांच्या सांध्यांवर रुंद चिकटपट्टी मारली, जमिनीच्या भेगा बुजवल्या. छताजवळच्या जाळ्या राहिल्या तर नॅपीच्या खोक्याचे पुठ्ठे कापून त्यांवर लावले. "ह्या जाळ्या कशाला असतात रे?" मी विचारलं.

"जुनी फॅशन असेल. नो वरीज, घर सोडताना काढून टाकू."

दाराखालच्या फटीसाठी मी आईची अंजिरी साडी घेतली. तिची लांब नळी शिवून त्यात जुने टॉवेल कोंबले आणि ती उंबऱ्याशी आतून घट्ट सारून ठेवली. इथे त्याला डोअर स्नेक म्हणतात. आई म्हणाली, "नेसून नेसून विरली होती ती. चला, आता नातीची राखण करेल."

मग शेवटची परीक्षा. नवऱ्याने खोलीच्या मधोमध उदबत्ती धरली. धुराची रेघ ओळंब्यासारखी सरळ छतापर्यंत गेली, जराही थरथरली नाही. पडदा भिंतीसारखा निश्चल. आईने तिकडून टाळ्या वाजवल्या. मी त्या सरळ धुराकडे बघत बसले आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला सुरक्षित वाटलं.

"आता शेक सुरू करा," आई म्हणाली. "खोली झाली तयार."

शेक म्हणजे शेकशेगडी. आंघोळीनंतर शेगडीत निखारे घ्यायचे, वर ओवा, शेपा, लसणीची सालं टाकायची, आणि त्या धुरीवर बाळंतिणीने आणि बाळाने शेकायचं. अंग भरून येतं, बाळ गाढ झोपतं. माझा जन्म झाला तेव्हा आईने घेतला होता, तिच्या आईने तिच्या वेळी. मी कशी मोडणार?

नवऱ्याने मागच्या अंगणातली मातीची कुंडी धुतली, तळाशी वाळू घातली, बार्बेक्यूचे कोळसे आणले. बाहेर पेटवून, लाल होऊन धूर संपला की चिमट्याने कुंडीत घालून आत आणायचा. छतावरचा धुराचा अलार्म ओव्याच्या धुरीने कोकलला, तेव्हा त्याला न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी घातली. आई तिकडून तळहात शेकून बाळाच्या पोटाला कसे लावायचे ते दाखवायची. आमच्या हसण्याचे दिवस तेवढेच. शेक झाला की तो कुंडी उचलून लगेच बाहेर न्यायचा, कारण भाड्याच्या घराच्या लाकडाला डाग पडेल याचा त्याला धाक होता.

मग हीटर बंद पडला. घरमालकाचा एजंट म्हणाला, निर्बंध आहेत, माणूस यायला दोन-तीन दिवस लागतील. त्या सकाळी अंगणातल्या गवतावर हिमाचा पांढरा थर होता. नवरा पाळी करून आला, न्हाला, कुंडी आत आणून दिली आणि आमच्याच खोलीत भिंतीकडे गादी टाकून आडवा झाला, कारण घरात उबदार जागा ती एकच. शेक झाल्यावर तो कुंडी न्यायला उठायला लागला, तर मी म्हटलं, "राहू दे रे. धूर कुठेय आता? निखारे आहेत नुसते. छान ऊब येतेय." मी ती पायाने पलंगाच्या कोपऱ्यापलीकडे सरकवली. फोनमधून तो कोपरा दिसत नव्हता.

तिकडे नुकतं उजाडलं होतं. आई मेथी निवडत होती आणि खालच्या मजल्यावरच्या पाण्याच्या भांडणाची कथा लावून बसली होती. माझं डोकं दुखायला लागलं. आधी कपाळाशी, मग सगळं. मळमळायला लागलं. मला एकच गोष्ट सुचली: झाला. आपल्याला कोरोना झाला. नवऱ्याने आणला, मी घेतला, आता पोरीला. पण वास येईनासा होतो म्हणतात, म्हणून मी ओव्याच्या डब्याचं झाकण उघडून नाक खुपसलं आणि जोराने श्वास ओढला. वास आला. पुन्हा ओढला. आला. देवा, मी म्हटलं, आणि उशीला टेकून खोल खोल श्वास घेत पडून राहिले. आईला काही सांगितलं नाही. तिचा जीव कशाला टांगणीला लावा?

"आज किती शहाण्यासारखी झोपलीय गं," आई म्हणत होती. "गाल बघ कसे गुलाबी झालेत."

"हो."

"भूक नाही लागली तिला? शेकल्यावर पोरं घर डोक्यावर घेतात."

"झोपू दे."

मग तिने आणखी काही विचारलं. काय ते मला आजही आठवत नाही. मी म्हटलं, "झोपू दे."

मेथीची जुडी आईने खाली ठेवलेली मला दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती.

"पडदा जरासुद्धा हलत नाहीये," ती म्हणाली.

मला वाटलं, कौतुक करतेय. "हो ना," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"शेगडी कुठेय?"

"इथेच."

"इथेच म्हणजे? बाहेर नाही नेली?"

"ऊब येते म्हणून..."

आईने फोन इतका जवळ ओढला की मला तिचा एक डोळा आणि कपाळ एवढंच दिसलं. ती ओरडली. माझ्या आईला मी आयुष्यात तशी ओरडताना ऐकलं नव्हतं. "ऊठ! दार उघड! बाळाला घे आणि दार उघड! जावईबापू! अहो, उठा!"

तिने मला फोनवरून सगळं शिकवलं होतं. बाळाला न्हाऊ कसं घालायचं, धुरी कशी द्यायची, पदर कसा सांभाळायचा. शेक झाला की शेगडी खोलीत ठेवायची नाही, हे तेवढं सांगितलं नव्हतं. तिच्या घरी शेक देणारी बाई शेगडी हातात घेऊनच बाहेर पडायची, शिवाय दारं-खिडक्या फटींची. चुलीवरून तवा उतरवताना चिमटा घे, हे कुणी कुणाला सांगतं का?

मी बाळाला उचललं. ती हातात मऊ लोंबली, डोळे उघडले नाहीत. पलंग धरून, भिंत धरून दाराशी पोचले, मूठ फिरवली, ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. खाली आईची अंजिरी साडी दारात आणि जमिनीत पाचरीसारखी बसली होती. मी जितकी ओढत होते तितकी ती घट्ट होत होती. खिडकीकडे बघितलं, तिला चिकटपट्टी. मागून आईचा आवाज: "उघड! उघडतेस ना? मला दिसत नाहीये! काच फोड गं!" मला वाटलं, संपलं. मी ही खोली स्वतःच्या हाताने शिवून घेतली आणि आता तीच आमचं पोतं. मी खाली बसले, एका हाताने बाळ छातीशी धरून दुसऱ्या हाताने ती साडी ओढली. शिवण उसवली, टॉवेल बाहेर आले, कापड टरकलं. दार उघडलं.

नवरा त्या आवाजाने धडपडत उठला आणि तिथेच ओकला. मी थांबले नाही. मागचं दार उघडून बाहेर हिमावर, अनवाणी, कान न बांधता, बाळाला घेऊन उभी राहिले. वारा सुटला होता. ज्या वाऱ्याला आम्ही फट फट शोधून हाकललं होतं त्याच्यापुढे मी तिचं तोंड धरलं आणि म्हणत राहिले, घे, घे ना गं, घे. दुपटं उघडलं, तळपाय चोळले. ती गप्पच. किती वेळ ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मग तिचा चेहरा चुरगळला, गळ्यातून दूध आलं, आणि ती रडली. आधी मांजरासारखी, मग खरी.

अंगणात येऊन नवऱ्याने बोलावलेले अँब्युलन्सचे लोक पांढऱ्या झग्यांत, मास्कवर प्लास्टिकच्या काचा लावून आले. त्यांच्या हातातलं हवा तपासायचं यंत्र खोलीच्या दारातच किंचाळायला लागलं. त्यांतला एक नवऱ्याला म्हणाला, "एव्हरीथिंग शट, मेट?" नवऱ्याने मान हलवली. आमच्या त्या हवाबंद खोलीचा त्याला केवढा अभिमान होता. आता त्याला वर बघवत नव्हतं.

हॉस्पिटलात ज्याला घाबरत होते ते सगळं झालंच. नवऱ्याला दुसऱ्या विभागात नेलं, मला आणि बाळाला वेगळ्या खोलीत. तिच्या एवढ्याशा नाकात काडी घातली. टेस्ट निगेटिव्ह आली, आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. तोंडाशी ऑक्सिजन धरून बसायला सांगितलं. निखाऱ्याच्या वायूला ना रंग असतो ना वास, डॉक्टरीण म्हणाली, आणि बाळं त्याला लवकर बळी पडतात. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून तिने वाक्य अर्धवट सोडलं. मी ते पुरं करायला सांगितलं नाही.

माझा फोन घरीच ओव्याच्या डब्याला टेकलेला राहिला होता. संध्याकाळी एका नर्सने तिचा दिला. मला तोंडपाठ नंबर एकच येत होता, डोंबिवलीच्या घरचा जुना लँडलाइन. पहिल्याच घंटीला उचलला. मी "आई" म्हटलं. पलीकडून नुसता श्वास आला. मी फोन बाळाच्या तोंडाशी धरला. ती भुकेने रडत होती. पलीकडे आईही रडायला लागली, आणि त्या दोघी बराच वेळ तशाच एकमेकींचं रडणं ऐकत राहिल्या.

आम्ही सगळे पळालो तरी तो फोन चालूच होता. त्याचं चार्जिंग संपेपर्यंत आई तिकडे आपल्या फोनसमोर बसून होती. तिने मला नंतर सांगितलं, "रिकामा पलंग आणि पडदा, एवढंच दिसत होतं. कुणीतरी खिडकी फोडली असेल, पडदा उडत होता. तो उडतोय तोवर मला धीर होता. मग स्क्रीन काळी झाली."

त्यानंतर तिने मला काही सांगणंच सोडून दिलं. कान बांधू का विचारलं तर म्हणायची, तुझं तू बघ. लाडू खाऊ का, तर नर्सला विचार. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं वाटेल. मला फार वाईट वाटलं. एवढी हुकमी बाई, एका सकाळीत भिऊन बसली. मी चिडून म्हटलंसुद्धा, "अगं, तूच वाचवलंस ना तिला?" ती म्हणाली, "वारा बंद करा म्हणणारी पण मीच."

सीमा उघडल्या तेव्हा ती आली. हिवाळाच होता. मुलगी घरभर पळत होती आणि आजीच्या प्रत्येक लाडाला "नो, आजी!" म्हणत होती. आम्ही त्याच घरात होतो, भिंतींवरच्या जाळ्या मोकळ्या होत्या, हीटर नवा होता. आईने आंघोळ केली, शालीत गुंडाळून देवापुढे उभी राहिली आणि उदबत्ती मागितली. पेटवली, पण देवाला ओवाळली नाही. ती घेऊन मुलीच्या खोलीत गेली, गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसली आणि उदबत्ती दाराच्या फटीशी धरली. धूर सरळ वर निघाला, मग वाकला आणि खोलीत आत शिरला. आईने उदबत्ती खिडकीपाशी नेली. तिथेही वाकला. भिंतीवरच्या जाळीखाली हात उंच करून धरली, तिथेही.

"आई, वारा लागेल गं तुला," मी म्हटलं.

"लागू दे," ती म्हणाली, आणि मग ती उदबत्ती देवापुढे लावायला गेली.